गाडी भरत नाही म्हणून

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल पन्हाळा-जोतिबाला निघाली होती. शाळेचा पट, म्हणजे एकूण मुलं, १७. वाडीवर एसटी चढत नाही, म्हणून पहाटे साडेपाचला सगळी मुलं बॅटऱ्या घेऊन खालच्या फाट्यावर आली. गाडीत १५ चढली. पहिलीतली आणि तिसरीतली अशा दोघी बहिणी धुतलेला गणवेश घालून, वेण्या बांधून आल्या होत्या, पण त्या मैत्रिणींना पोचवायला. थोरलीनं चार घड्या घातलेली दहाची नोट मैत्रिणीच्या मुठीत दिली आणि म्हणाली, "मला जोतिबाचा गुलाल आण."

दोघींचे पैसे मी भरते, असं त्यांच्या आईला मी आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाई, यंदा तुम्ही भराल. पुढल्या साली काय? आणि उद्या दुसऱ्यांनी मागितलं तर?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प बसले. ती गप्प बसण्याची सल अजून गेलेली नाही, आणि हा लेख तिच्यामुळेच लिहिते आहे.

त्या सहलीचा खर्च मुलामागे पावणेचारशे रुपये आला होता. आम्ही काही चैन केली नव्हती. जेवण घरून बांधून आणलेलं, मुक्काम नाही. एसटी महामंडळ शाळेच्या सहलीला प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्यानं देताना, निम्म्या दरानं गाडी देतं, ती सवलतही घेतली होती. तरीही पावणेचारशे, कारण एसटीचं भाडं गाडीमागे असतं, मुलामागे नसतं. गाडीत १५ मुलं बसोत की ४४, किलोमीटर तेवढेच. तालुक्याच्या मोठ्या शाळेतलं मूल सव्वाशे-दीडशे रुपयांत तोच पन्हाळा बघून येतं. आमच्या वाडीवरच्या मुलाला तो अडीच-तीन पटीनं महाग पडतो, आणि आमच्याच वाडीवर रोजगारावर जाणारी घरं जास्त. पट लहान असल्याचा दंड असा मुलांच्या आईबापांकडून वसूल होतो. कुणी ठरवून केलेलं नाही हे मला मान्य आहे, पण वर्षानुवर्षं चाललं आहे आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

सहल म्हणजे वर्षाअखेरची मजा, जमली तर करायची, नाही जमली तर काही बिघडत नाही, असा एक समज आहे. अधिकाऱ्यांत आहे, पालकांत आहे, आम्हा शिक्षकांतही आहे. मला तो मुळातून चुकीचा वाटतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९ वं कलम सांगतं की मुलांचं शिकणं कृतीतून, शोधातून, धुंडाळण्यातून व्हावं. ही कायद्याची भाषा आहे, शोभेचं वाक्य नाही. त्याच कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस ठरवून दिले. त्या २०० दिवसांतले काही दिवस शाळेच्या चार भिंतींबाहेर गेले तर ते वाया गेलेले नसतात, तेही शाळेचेच असतात.

बाहेर जाणं दोन प्रकारचं. एक शिवारातलं, पायी. दुसरं लांबचं, गाडीनं. दोन्ही लागतात आणि एकाची भरपाई दुसऱ्यानं होत नाही. शहरातली माणसं आम्हाला कौतुकानं म्हणतात, तुमच्या मुलांना काय, निसर्गच शाळा! त्यांचा हेतू चांगला असतो. पण आमच्या मुलांना झाड, ओढा, गवा यांचं अप्रूप नाही. त्यांना रेल्वे बघायची असते. मोठं वाचनालय, संग्रहालय, पुस्तकांचं दुकान बघायचं असतं. आणि शिवारातलंही नुसतं दिसत असतं म्हणून कळत असतं असं नाही. त्यासाठी कुणीतरी थांबवून विचारावं लागतं, मोजायला लावावं लागतं.

गेल्या हंगामात आम्ही खालच्या गावच्या गुऱ्हाळावर गेलो होतो. शाळेपासून पाऊण तासाची चाल. आदल्या दिवशी मी एकटी जाऊन मालकांना भेटून आले, चुलवाण म्हणजे भट्टी कुठं, रस उकळायची मोठी काहील कुठं, मुलं उभी कुठं राहतील ते बघून आले. उकळत्या काहिलीशी खेळ नाही. सकाळी पोचल्यावर आधी काहिलीपासून दहा पावलांवर फक्कीची पांढरी रेघ मारली आणि रेघेवर चार आया उभ्या केल्या. रेघ ओलांडायची नाही, हे मुलांनी इतकं मनावर घेतलं की पहिलीतला एकजण गुळव्याच्या, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराच्या, पुढं झुकणाऱ्या मदतनिसालाच "ओ मामा, रेघ!" म्हणून ओरडला.

घाण्यातून रस येत होता, बाहेर चिपाडं वाळत पडली होती आणि तीच चुलवाणात जात होती. उसाचा रस उसाच्याच चिपाडावर शिजतो, ही गोष्ट मुलांना फार आवडली. भेंडीचं पाणी घातल्यावर मळी वर आली, ती झाऱ्यानं काढली. मग बराच वेळ काही होत नाही असं वाटत होतं. गुळव्या मात्र काहिलीवरची नजर काढत नव्हता. मध्येच त्यानं थोडा पाक थंड पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि काठावर आपटली. टण्ण वाजली. "उतरा," तो म्हणाला, आणि चार माणसांनी आधण उतरवलं.

तिसरीतल्या मुलीनं विचारलं, "तुम्हाला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "मामानं. आधी किती वर्षं नुसता जाळ घातला, मग काहिलीला हात लावू दिला." मुलांना शाळेबाहेरही शिकणं असतं, त्यालाही गुरू असतो, वेळ लागतो, परीक्षा असते आणि ती परीक्षा कानानं देता येते, हे मी फळ्यावर कसं सांगितलं असतं?

परत आल्यावर चार दिवस आमचं गणित गुळाचं चाललं. मालकांनी सांगितलं होतं की टनभर उसाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. मग दहा किलोच्या रव्याला, म्हणजे ढेपेला, ऊस किती? चौथीच्या मुलानं उत्तर काढलं आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवेना. घरी जाऊन बापाला विचारून आला की आपल्या मोळीचं वजन किती, म्हणजे किती मोळ्या लागतील. दुसरीच्या मुलांनी चित्रं काढली. एकानं चित्राखाली "मळी कुटं गेली" असं लिहिलं. शुद्धलेखन चुकलं होतं, प्रश्न चुकला नव्हता. त्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं, पुन्हा खाली जाऊन विचारून यावं लागलं.

हे सगळं करायला मला किती तयारी लागली? सतरा मुलं. "चला" म्हटलं की पाच मिनिटांत पायात चपला घालून रांगेत. चारशे मुलांच्या शाळेला गुऱ्हाळात नेता येत नाही, तिथं मावायचीच नाहीत. लहान शाळेची ही ताकद आहे आणि ती आपण मोजत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढं, हंटर आयोगापुढं, निवेदन दिलं. खेड्यातल्या शाळांचे विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, पण व्यवहारातली उपयुक्तता कमी असू नये, आणि शेतीच्या धड्यांबरोबर प्रत्यक्ष शिकण्यासाठी एक छोटी नमुना शेती असावी, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. १४० वर्षांपेक्षा जास्त काळ झाला. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर राहिल्या. तिथं वारली मुलं शाळेत येत नाहीत, गुरं राखायला जातात, हे बघून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा हा शब्द त्यातूनच आला. मुलं आहेत तिथं शिक्षणानं जायचं, हा विचार महाराष्ट्रात बाहेरून आणावा लागत नाही. तो घरचाच आहे.

आता शासनही हे म्हणतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दप्तराविना दहा दिवस आहेत, त्यात स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचं आहे. पण ते सहावी ते आठवीसाठी. आमची शाळा चौथीवर संपते. २०२४ पासून आनंददायी शनिवार आला, तो पहिलीपासून आहे आणि त्याचं मी मनापासून स्वागत केलं. फक्त त्याचं पुढं काय होतं ते बघा. शनिवारचा उपक्रम झाला की फोटो काढायचे, गटावर टाकायचे, लिंक भरायची. एखादा उपक्रम फोटोत चांगला दिसतो म्हणून निवडला जातो आणि एखादा दिसत नाही म्हणून मागं पडतो. बालआनंद बाजार बघा. मुलं कोथिंबिरीच्या जुड्या, भजी, चिंचा विकतात, ही सुंदर कल्पना आहे. पण बऱ्याच ठिकाणी आदल्या रात्री आयांनी सगळं करून दिलेलं असतं, पाहुणे येऊन दोनशेची नोट देऊन "राहू दे सुट्टे" म्हणतात आणि सुट्टे मोजायचं जे गणित होतं तेच राहून जातं. मी आमच्या बाजारात एकच नियम ठेवला आहे. प्रत्येकानं दहा-दहा रुपयांतच घ्यायचं आणि परत दिलेले पैसे मुलानं मोठ्यानं मोजून द्यायचे. फोटो नंतर, आठवण राहिली तर.

मी आमची बाजूही तपासून बघते. सहलीची भीती शिक्षकांना उगाच वाटत नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी ज्या शिक्षकानं वाचली, त्यानं आपल्या वर्गातल्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढं आणले असतील. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, ते व्हायलाच हवे होते. समुद्राच्या पाण्यात मुलं सोडणं आणि पुरेशी माणसं बरोबर न नेणं याला माफी नाही.

पण कडकपणा जिथं हवा तिथंच थांबला नाही, खाली झिरपत गेला. लांबच्या सहलीला जे कागद लागतात, तेच ओढ्यापलीकडच्या कुंभाराकडे जायला लागतात का? मी एकदा एका कार्यालयात विचारलं. एका टेबलावर सांगितलं लागत नाही, दुसऱ्या टेबलावर सांगितलं घेऊन ठेवा, उद्या काही झालं तर आम्ही नाही. "आम्ही नाही" हे ऐकल्यावर शिक्षक काय करणार? वर्गात बसून कुंभाराचं चित्र दाखवणार. एकदा मी लांबच्या सहलीचा प्रस्ताव दिवाळीनंतर दिला, परवानगी मार्चमध्ये आली. तोवर परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि ऊन डोक्यावर. त्या वर्षी चौथीत असलेली पाच मुलं शाळा सोडून गेली, सहल न बघता.

आणि माणसं कुठं आहेत? ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, हा कायद्याचा हिशेब. दोघांपैकी एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरलेला एक चार वर्ग सांभाळतो. त्यानं पहिलीच्या मुलांचा हात धरून रस्ता ओलांडायचा की चौथीच्या मुलांवर लक्ष ठेवायचं? गुऱ्हाळावर चार आया नसत्या तर मी गेलेच नसते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, ते नुसते सहीपुरते राहू नयेत. पण आया येतात त्या दिवसाचा रोजगार बुडवून, हे विसरून चालणार नाही. बरोबर येणाऱ्या पालकाला त्या दिवसाची मजुरी मिळायला हवी. हा खर्च फार नाही, आणि सुरक्षेवर याहून चांगला खर्च मला तरी दिसत नाही.

पालकांचा आक्षेप वेगळा असतो. "बाई, पोरं हुंदडतात ती घरीपण हुंदडतातच. शाळेत इंग्रजी शिकवा." यात चिडण्यासारखं काही नाही. ज्यांना शिकता आलं नाही, त्यांना आपल्या मुलाचं वाचन-लेखन, पाढे, स्पर्धा परीक्षा यांची काळजी वाटणार. मी त्यांना वही दाखवते. गुऱ्हाळानंतरची पानं आणि त्याआधीची पानं शेजारी ठेवते. ज्या मुलाला "माझा आवडता सण" यावर चार ओळी सुचत नव्हत्या, त्यानं काहिलीवर पानभर लिहिलेलं असतं, कारण त्याच्याकडे सांगायला काहीतरी होतं.

लांबच्या सहलीचंही तेच. चौथीच्या इतिहासात सिद्दी जौहरचा वेढा आहे. मुलं तो घडाघडा सांगतात. पन्हाळ्यावर अंबरखान्याच्या आत, गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठारांपैकी एकात उभं राहिल्यावर मात्र एकानं वर बघत विचारलं, "बाई, एवढं धान्य मावत होतं तर महाराज गडावरून निघाले कशाला?" पायऱ्यांवर बसून अर्धा तास त्यावर बोललो. चार महिने वेढा, पावसाळा आला तरी उठेना, राजापूरच्या इंग्रजांच्या तोफा. धान्य संपण्याआधी निघावं लागतं की संपल्यावर, यावर मुलांमध्ये दोन पक्ष पडले. मग सगळ्यांनी विशाळगडाच्या दिशेला बघितलं आणि त्या रात्रीचं अंतर डोळ्यांनी मोजायचा प्रयत्न केला. फाट्यावर उभ्या राहिलेल्या त्या दोघी बहिणींकडे हाच धडा फक्त पुस्तकातला राहिला. त्यांचं घर पन्हाळ्याच्याच जिल्ह्यात आहे.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येते. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळा राज्यात जवळपास १५ हजार. समूह शाळेच्या बाजूनं जे सांगितलं जातं त्यात एक गोष्ट खरी आहे. दहा-बारा मुलांच्या शाळेत मुलाला बरोबरीचे सवंगडी कमी मिळतात. खो-खोचा संघ होत नाही, नाटकाला पात्रं पुरत नाहीत, एका वर्गात एकच मूल असलं तर त्याला स्वतःशीच चढाओढ करावी लागते. मी रोज बघते, नाकारणार नाही.

पण त्यावर उपाय म्हणून शाळाच उचलायची? शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा शाळा गावापर्यंत नेण्याचा खर्च संस्थानानं उचलला. शिक्षण हक्क कायद्यानं एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा हक्क केला. सहा वर्षांच्या मुलीला आषाढातल्या पावसात ओढा ओलांडून पाच किलोमीटर कोण पाठवेल? गाडी देऊ म्हणतात. ज्या रस्त्यावर सहलीची गाडी वर्षातून एकदा येत नाही, त्यावर रोज कशी येणार, हे मला कुणी समजावून सांगावं. आणि न आली तर पहिल्यांदा शाळा सुटेल ती मुलींची.

मुलं एकत्र आणायची असतील तर शाळा न हलवता आणता येतात. आपल्याकडे केंद्र, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, आहे, केंद्रप्रमुख आहेत. एका केंद्रातल्या तीन-चार लहान शाळा महिन्यातून एक शनिवार एकमेकींच्या गावी जाऊ शकतात. आमची मुलं त्यांच्या कुंभाराकडे, त्यांची आमच्या मधाच्या पेट्यांकडे. दुपारी एकत्र खो-खो. आणि वर्षातून एकदा चार शाळांची मिळून एक गाडी. १७ अधिक ११ अधिक ९ अधिक ६ म्हणजे ४३. एक एसटी भरते. ज्या गणितानं आमची मुलं मागं राहतात, तेच गणित असं उलटं मांडता येतं.

भाड्याचा भार मात्र पालकांवर नको. राज्यानं २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत केला, २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट दिलं. दोन्ही निर्णय चांगले. माझ्या आईला पहिल्याचा उपयोग होतो आणि मला दुसऱ्याचा. ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे, पण पाचवीपासून पुढं. पहिली ते चौथीच्या, लहान पटाच्या शाळांतल्या मुलांना वर्षातून एक दिवस एक गाडी, एवढं राज्याला जड नाही. गाडी महामंडळाची, शाळा जिल्हा परिषदेची, मुलंही आपलीच. आणि पायी जाण्याच्या अंतरातल्या भेटींसाठी एक स्पष्ट ओळ काढा: मुख्याध्यापकाची नोंद आणि व्यवस्थापन समितीची संमती पुरे. पाणी, आग, मोठा रस्ता असेल तिथं किती मुलांमागे किती मोठी माणसं हवीत ते लिहून द्या, आम्ही एकानंही कमी नेणार नाही. लांबच्या सहलीच्या अर्जावर पंधरा दिवसांत हो किंवा नाही कळवा. नाही म्हटलं तरी चालेल, पण मार्चमध्ये नको.

या जानेवारीसाठी आम्ही चार शाळांच्या शिक्षकांनी बसून ठरवलं आहे. मुलांनाच विचारलं, काय बघायचं? सगळ्यात जास्त हात कोल्हापूरच्या रेल्वे स्टेशनसाठी वर झाले. त्यांना गाडीत बसायचंही नाही. फलाटावर उभं राहून गाडी सुटताना बघायची आहे. मग नवा राजवाडा, रंकाळा आणि एक पुस्तकांचं दुकान, जिथं प्रत्येकानं स्वतः निवडून एक पुस्तक घ्यायचं. पुस्तकांचे पैसे एका गावच्या दूध संस्थेनं द्यायचं कबूल केलं आहे. गाडीभाड्याचं अजून ठरायचं आहे. तिसरीतला एकजण रोज विचारतो की इंजिन आपल्या बाजूला असेल की दुसऱ्या टोकाला, आणि मी वेळापत्रक काढून बसले आहे.